भागिरथाबाईंच्या शेडचे पडदे

पडदा वर जातो आहे.

मखमलीचा नव्हे, बारदानाचा. सोयाबीनची रिकामी पोती उसवून, एकाला एक जोडून शिवलेला. दोरी लाकडी कप्पीवरून जाते आणि कप्पी कुरकुरते. दोरी ओढणारी बाई अठ्ठावन्न वर्षांची, अंगाने काटक, पदर कमरेला खोचलेला. पडद्यामागे लोखंडी जाळी आणि जाळीमागे अंडी देणाऱ्या कोंबड्या, सगळ्या मिळून सहाशे. पहाटेचा उजेड आत शिरला की एरवी तिथे असा गलका उठतो की नाटकाच्या भरलेल्या तंबूनेही कानावर हात ठेवावेत.

त्या दिवशी पडदा पूर्ण वर गेला आणि गलका झाला नाही. आली ती शिंक. कोंबडीची शिंक फार बारीक असते, कोणी ओठांत पाणी धरून फुर्र केल्यासारखी. मग दुसरी. मग आतून कुठून तरी घरघर. बाईने दोरी खुंटीला गुंडाळली आणि दोन्ही हातांनी जाळी धरून ती तशीच उभी राहिली.

ही भागिरथाबाई मनवर. शेलूबाजारहून मंगरूळपीरकडे निघालं की थोड्या वेळाने आमचं गाव लागतं. गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला तिचं शेड आणि त्याच्या बांधाला लागून माझं घर. तिचा नवरा जानराव माझा जिवलग. आमच्या कलापथकाचा पडदा तो ओढायचा, सलग एकोणीस वर्षं. मी त्या पथकात राजा झालो, फौजदार झालो, दारुडा झालो, दोन वेळा तर म्हातारीही झालो. जानराव कधीच काही झाला नाही. पण त्याने दोरी ओढल्याशिवाय आमच्यातला एकही माणूस कोणी होऊ शकत नव्हता.

पथक मोडलं तेव्हा ज्याने त्याने आठवण म्हणून काहीबाही उचललं. मी पत्र्याचा मुकुट घेतला. तो आता माझी नातवंडंही डोक्यावर घेत नाहीत. जानरावाने कप्प्या घेतल्या. पुढे कोंबड्यांचं शेड उभं केलं तेव्हा त्याच कप्प्या त्याने पडद्यांना लावल्या. त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याने शेतातली ठिबकची जुनी नळी आणून पडद्यांच्या वरच्या कडेने फिरवली. ऊन चढलं की पडदे खाली सोडायचे आणि तोटी उघडायची. थेंब थेंब पाणी बारदानात मुरतं, वारा त्यातून गार होऊन आत येतो. आमच्याकडे चैत्रातच पारा त्रेचाळिसाला टेकतो. त्या पडद्यांनी दर वर्षी किती जीव वाचवले ते बाईलाच ठाऊक. जानराव गेला त्याला दोन वर्षं झाली. तोटी मात्र रोज उघडते.

शिंका सुरू झाल्या त्याच दिवशी बाईने मंगरूळपीरच्या पशुवैद्यक डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांचं नाव नीलिमा, वयाने तरुण, बोलायला नेमक्या. त्यांनी डोळ्यांत फेस आलेल्या चार-पाच कोंबड्या हातात घेऊन तपासल्या, सकाळी मेलेली एक फाडून पाहिली. बाईच्या ओठांवर एकच प्रश्न होता.

"मानमोडी त नाही ना, डॉक्टरीणबाई?"

मानमोडी म्हणजे सगळं शेड रिकामं. तिच्यावर औषध नाही.

"नाही. मानमोडीची लस तुम्ही वेळेवर दिलेली आहे. हा श्वासनळीचा आजार आहे, जंतूंचा. याला अँटिबायोटिक चालतं. पाण्यातून द्यायचं, पाच दिवस, एकही दिवस न चुकता. आणि औषध चालू आहे तोवर, वर आणखी सात दिवस, एकही अंडं विकायचं नाही. घरीही खायचं नाही."

"पुरून टाकतो मंग," बाई म्हणाली. विचार करायला थांबलीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती बांधाजवळच्या खड्ड्यात अंडी ओतत असताना गोविंदसिंग मोटारसायकलवरून आला. शेलूबाजारच्या स्टँडवर त्याची अंडाबुर्जीची गाडी आहे आणि तिच्याच अंड्यांवर ती चालते. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि त्याने कपाळावर हात मारला.

"अवो बाई, सोनं पुरून राह्यल्या का तुमी?"

"औषधाचे अंडे हायेत."

"मंग काय झालं? तव्यावर पडलं का औषध जळून जाते. माह्या तव्याचा जाळ पाह्यला नाही तुमी."

"पाह्यला तुहा तवा. दहा वर्षांत त्याच्यावरचं तेलाचं किटन जळलं नाही, औषध काय जळन!"

गोविंदसिंग खो खो हसला, पण हलला नाही. "चार ट्रे तरी द्या ना बाई. गिऱ्हाईक इचारते, अंडे बाईचेच हायेत ना म्हनून."

"म्हनूनच देत नाही. हे अंडं एखाद्या लेकरानं खाल्लं, अन् उद्या त्यालेच ताप आला, अन् तेच औषध त्याले लागू पडलं नाही त? डॉक्टरीणबाईनं तेच सांगतलं. खानाऱ्याच्या अंगातले जंतू त्या औषधाले सरावतात म्हने." बाईने फावड्याने चुना टाकला, वर माती लोटली. "जाय आता. अन् हसू नोको, कोंबड्या बिचकतात."

हा सगळा खटाटोप ज्या औषधापायी चालला होता, त्याला मात्र गुण येत नव्हता. दीडशे लिटरच्या निळ्या ड्रमात बाई रोज पहाटे पांढरी पावडर मोजून घोळायची, ते पाणी शेडमधल्या भांड्यांत यायचं आणि संध्याकाळी ड्रमात पन्नासेक लिटर तसंच उरायचं. बिमार जनावर पाणी कमी पितं, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती. तिसऱ्या दिवसापर्यंत अकरा कोंबड्या गेल्या. अंडी सव्वापाचशेवरून साडेतीनशेवर आली.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळता बाईने मला हाक मारली. कोंबड्या बसल्या, अंधार पडला की त्यांचा श्वास नीट ऐकू येतो. डॉक्टरीणबाईंनीच रोज ऐकायला सांगितलं होतं.

"भाऊजी, या जरा. तुमचे कान चांगले हायेत."

माझे गुडघे गेले, दात गेले, पण कान शाबूत आहेत. ते रंगभूमीचं देणं. दिव्याच्या झोतात उभं राहिलं की समोरचं काही दिसत नाही, पण अंधारातला खोकला कोणत्या रांगेतून आला ते नटाला बरोबर कळतं. त्यावरून तो पुढचं वाक्य थोडं थांबवून म्हणतो.

शेडमध्ये तीन खण आहेत. मधला म्हणजे त्यांचा जुना गोठा. त्याला दोन्ही बाजूंनी विटांची भिंत आणि वर झरोके. पुढचा आणि मागचा खण नंतर वाढवलेले, त्यांना जाळी आणि पडदे. प्रत्येकात साधारण दोनशे पक्षी. बाईने दिवा मालवला. आम्ही पुढच्या खणात उभे राहिलो. चारी बाजूंनी घरघर, शिंका, मध्येच एखादी किंकाळीसारखी शीळ. मग मधल्या खणात गेलो. मी बराच वेळ कान देऊन उभा राहिलो.

"इथे दोन," मी म्हणालो. "एक कोपऱ्यात, एक आपल्या पायाशी. बाकी शांत आहेत, वहिनी."

मागच्या खणात पुन्हा तीच घरघर.

बाहेर आलो तर अनुप उभा. बाईचा मुलगा, तिशीचा, शेलूबाजार ते मंगरूळपीर जीप चालवतो. त्याच्या हातात नवं पाकीट होतं.

"दुकानदारानं देल्लं. लय जोरदार हाय म्हने. उद्या सकाळी हेच टाकू."

"डॉक्टरीणबाईले इचारलं का?"

"तिले इचारूनच अकरा पुरल्या ना माय? आनखी किती पुरतं? तुले अंडे पुराची सवय लागली, आता कोंबड्याही पुरत बस."

बाई हळू आवाजात म्हणाली, "मधातल्या खनाले आराम हाय, अनुप. औषध तेच, ड्रम तोच. मंग पुढच्याले अन् मांगच्याले काहून नाही?"

"मले काय माहीत!"

"मलेही नाही माहीत. उद्या दुपारपर्यंत थांब. दुपारी मी नाही म्हननार नाही."

अनुपने पाकीट शेडच्या वळचणीला खोचलं आणि तो गेला. तिने शब्द दिला होता. दुपारपर्यंत उत्तर सापडलं नाही तर ते पाकीट ड्रमात पडणार होतं.

चौथा दिवस. पहाटे औषध घोळून झालं, भांडी भरली आणि बाई पुढच्या खणात पालथ्या घमेल्यावर बसली. हातात काम नाही. चाळीस वर्षं तिला ओळखतो, पण रिकाम्या हाताने बसलेली मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी जाळीबाहेर लिंबाच्या झाडाखाली बाज टाकून बसलो होतो. सकाळच्या गारव्यात दोन-चार कोंबड्यांनी भांड्यांत चोच बुडवली, मान झटकली आणि त्या बाजूला झाल्या. नऊ वाजले. उन्हाने पत्रा तापू लागला. बाईने मला खूण केली तसे मी पडदे सोडले आणि तोटी उघडली.

आधी काही झालं नाही. मग बारदान ओलं झालं, त्याचा रंग गडद होत खाली उतरला आणि जाळीपाशी एक कोंबडी आली. तिने जाळीच्या भोकातून चोच बाहेर काढली आणि बारदानाला लावली. मान वर केली. गिळलं. दुसरी आली. तिसरी. पाहता पाहता जाळीला लागून सगळी रांग लागली, दोन्ही बाजूंनी, एकीच्या पाठीवर दुसरी. टिप टिप पडणारं गार पाणी त्या बारदानावरून पीत होत्या. मधोमध औषधाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली भांडी होती, आणि तिथे एकही नव्हती.

मधल्या खणाला पडदाच नव्हता. तिथल्या कोंबड्यांना भांड्यातलं कडू पाणी पिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याच तेवढ्या बऱ्या होत होत्या.

बाई उठली, बाहेर आली आणि तिने तोटी बंद केली. त्याच वेळी रस्त्यावर जीप थांबली. अनुप सरळ वळचणीकडे गेला आणि त्याने दातांनी पाकिटाचा कोपरा फाडला.

"ठेव थे."

"दुपार होतच आली, माय."

"औषधात खोट नाही. त्याईनं औषध घेतलंच नाही. पडद्याचं पानी पिऊन राह्यल्या."

अनुपने पडद्याकडे पाहिलं, वरच्या नळीकडे पाहिलं. त्याचा चेहरा बदलला.

"हे बाबानं लावलं होतं. मरायच्या आधी, छातीत कळा येत असतानी शिडीवर चढून लावलं. आता त्याच्या कामात खोट काढतं तू?"

"खोट कोठी काढली मी? त्यानं गारवा देल्ला. एवढा चांगला देल्ला का कोंबड्या तथूनच हलत नाहीत." बाईने हात पुढे केला. "दे इकडे थे पाकीट. अन् फोन लाव डॉक्टरीणबाईले."

फोन मोठ्या आवाजावर लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पडदे असलेल्या दोन्ही खणांतल्या कोंबड्यांना अर्धवटच औषध गेलं. अर्धवट औषध म्हणजे जंतूंची तालीमच. मधल्या खणाचे पाच दिवस पूर्ण करा. बाकीच्या दोघांचा उद्या पुन्हा पहिला दिवस. औषध तेच. आणि ते जोरदार पाकीट वापरू नका, अंडी देणाऱ्या कोंबडीला ते देत नाहीत."

"पन पडदे कोरडे ठेवले त उन्हानं मरतीन ना, बाई."

"म्हणून पहाटे. रात्री भांडी उचलून ठेवा, म्हणजे उठताच तहान लागेल. दोन्ही खणांचं दिवसभराचं औषध साठ लिटरमध्ये करा आणि दहाच्या आत संपवा. थेंब न थेंब संपला की मगच पडद्यांवर पाणी सोडा. आधी सोडलं तर पुन्हा तेच होईल."

तालीम हा शब्द ऐकून मी चपापलो होतो. आमचं आयुष्य तालमींत गेलं. अर्धवट तालमीनेही माणूस किती तयार होतो ते मला माहीत आहे.

पाचव्या दिवशी बाईने मधल्या खणाचं औषध बादलीत वेगळं घोळलं आणि ड्रमावर कोळशाने सहा रेघा ओढल्या, दर दहा लिटरला एक. पडदे सावलीपुरते खाली सोडले, कोरडे. साडेपाचला भांडी ठेवली. तहानलेल्या कोंबड्या तुटून पडल्या. सात वाजेपर्यंत तीन रेघा उतरल्या आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसलोसुद्धा. मग वेग मंदावला. आठला चौथी रेघ. आठ वाजून गेले तसा वारा पडला. नवाला पत्रा असा तापला की वर बसलेला कावळा उडून गेला. कोंबड्या चोची वासून, पंख अंगापासून दूर धरून बसू लागल्या. अनुप त्या दिवशी जीप घेऊन गेलाच नव्हता. तो तोटीवर हात ठेवून उभा होता.

"माय, सोडू?"

"नाही."

ड्रमात वीस लिटर होते. सव्वानऊला मागच्या खणात एक कोंबडी कलंडली. तिने दोन वेळा पाय झाडले.

"माय, मरून राह्यल्या त्या! सोडू का?"

"थांब म्हनलं ना!"

मला एकदम आमच्या पथकाचा धनज गावचा प्रयोग आठवला. लोक तंबूबाहेर उभे, आत दगड येऊ लागलेले, गावातला एक बडा माणूस जानरावाच्या अंगावर धावून गेला होता, ओढ म्हणे पडदा. जानरावाने दोरी छातीशी धरली आणि तिसरी घंटा होईपर्यंत ओढली नाही. घामाने निथळत होता, पण नाही ओढली. त्याची बायको आज तशीच उभी होती.

उभी मात्र फार वेळ राहिली नाही. आत गेली, उकिडवी बसली आणि बोटाच्या नखाने भांड्याच्या काठावर टक टक वाजवू लागली, पिल्लांना दाणा दाखवताना करतात तशी. तोंडाने हलकेच "या वो मायहो, या" चाललेलं. एक आली. चोच बुडवली. दुसरी आली. बाई गुडघ्यांवर सरकत पुढच्या भांड्याकडे गेली, पुन्हा टक टक. मग पुढच्या. अनुप तोटी सोडून मागच्या खणात धावला आणि तोही गुडघ्यांवर बसून नखाने वाजवू लागला. मी ड्रमापाशी उभा राहून रेघ सांगत होतो. मोठ्या भूमिका केल्या मी, पण एवढं मन लावून एकही वाक्य म्हटलं नसेल.

"पाचवी गेली, वहिनी! ... अर्धी उरली! ... चार बोटं!"

दहाला दहा मिनिटं कमी असताना ड्रमाची तोटी हवा ओढू लागली.

"संपलं!"

"सोड, अनुप!" बाई आतूनच ओरडली.

बारदान ओलं झालं. सगळ्या कोंबड्या जाळीकडे धावल्या आणि या वेळी त्यांना कोणी अडवलं नाही. त्या सकाळी उन्हाने दोन कोंबड्या मेल्या. बाईने त्या उचलल्या, पोत्यात घातल्या आणि त्यांच्याबद्दल ती नंतर कधीच बोलली नाही.

दुपारी अनुप जीपवर बांबू बांधून घेऊन आला. पडदे त्याने काढले नाहीत. प्रत्येक पडद्याला वर-खाली बांबू लावून जाळीपासून हातभर बाहेर ढकलला. वारा येतो, गारवा येतो, पण चोच पोचत नाही. शिडीवरून उतरताना मला म्हणाला, "बाबाचंच हाय काका, फक्त थोडं सरकवलं."

पुढचे चार दिवस रेघा साडेनवाच्या आत संपल्या. शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिघे अंधारात उभे राहिलो. पुढचा खण शांत. मधला शांत. मागच्या खणात मी श्वास रोखून ऐकत होतो तोच फुर्र.

"एक आहे," मी कुजबुजलो. "डावीकडे, अगदी जवळ."

"ते मीच शिंकली, भाऊजी," बाई म्हणाली. जमिनीवर अंथरलेल्या तुसाची धूळ गेली होती नाकात. अनुप एवढ्या मोठ्याने हसला की सगळं शेड फडफडून जागं झालं, आणि तो गलका मी किती तरी दिवसांनी ऐकला.

औषध संपलं, पण खड्डा चालूच राहिला. सात दिवस. अंडी वाढत चालली होती, रोज आधीपेक्षा जास्त मातीत जायची. गोविंदसिंग रोज येऊन खड्ड्याकडे बघायचा आणि सुस्कारा सोडून परत जायचा. सातव्या दिवशी संध्याकाळी मलाच राहवलं नाही. कापडी पिशवी घेऊन बांध ओलांडला. बाई पडदे वर घेत होती. कप्पी कुरकुरत होती.

"वहिनी, झाले ना सात दिवस? चार अंडी द्या, आमलेटाची फार आठवण येते आहे."

तिने दोरी खुंटीला गुंडाळली, बोटांवर मोजलं आणि माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"सातवा दिवस आज हाय, भाऊजी. उद्या सकाळी या. अन् हे पिशवी नोका आनू, टोपली आना. मांगच्या खेपेले बांधावरच चार फोडले होते तुमी."